बॅटरीला दोष देण्याआधी तिचा पंखा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की, हायब्रिड (म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) आणि निव्वळ विजेवरच्या गाड्या मराठवाड्याच्या उन्हात टिकत नाहीत, बॅटरी बसते, कंपन्या हात वर करतात, म्हणून आपल्याकडं डिझेलच बरं. पत्र वाचून आमच्याकडं टपरीवर बरीच खडाजंगी झाली. मी परभणीत वसमत रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. हयात सेल्फ, डायनामो आणि वायरिंगमध्ये गेली. आता काही वर्षांपासून हायब्रिडही दारात उभ्या राहायला लागल्यात. उन्हाचं म्हणणं मी खोडत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि लिथियमची बॅटरी पंधरा ते पस्तीस अंशांत खूश असते, हे खरंच आहे. पण माझ्याकडं ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या गाड्यांत बॅटरी खरोखर गेलेली क्वचितच निघाली. दोष निघाला तो तिला वारा घालणाऱ्या पंख्यात, पंख्याच्या जाळीत, नाहीतर पंख्याच्या वायरीत. दुखणं हल्याला अन् इंजेक्शन पखालीला, असा हा कारभार चाललाय. त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो, म्हणून हे पत्र.

आधी रचना सांगतो, कारण ती पुष्कळ गाडीमालकांना कुणी सांगितलेलीच नसते. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी पाण्यानं नाही, हवेनं थंड होते. ती हवा बाहेरून येत नाही, गाडीच्या आतूनच ओढली जाते. त्यासाठी सीटच्या बाजूला किंवा खाली एक छोटी जाळी असते. बऱ्याच मॉडेलमध्ये ती मागच्या सीटपाशी असते. जाळीमागं फिल्टर, फिल्टरमागं डक्ट म्हणजे हवेची नळी, आणि ब्लोअर म्हणजे पंखा. बॅटरी तापली की कॉम्प्युटर ब्लोअरला वेग वाढवायला सांगतो आणि पंख्यानं तो वेग खरंच घेतला का, तेही तपासत राहतो. घेतला नसेल तर डॅशबोर्डवर दिवा येतो.

म्हणजे तुम्ही गाडीत जी हवा घेता, तीच बॅटरी घेते. आपल्याकडं पेट्रोल वाचवायचं म्हणून एसी बंद आणि चारी काचा खाली करून भर दुपारी नांदेड गाठणारे कमी नाहीत. त्यांच्या बॅटरीला बेचाळीस अंशांची धुळकट हवा मिळते. गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही कितीतरी गरम असते. तशीच दामटली तर पंखा तीच गरम हवा बॅटरीवर फेकतो. पाच मिनिटं काचा उघडून वाफ जाऊ द्यावी, मग एसी लावून निघावं. यात बॅटरीचंही भलं आणि तुमचंही.

आता सीट कव्हर. नवी गाडी शोरूममधून निघाली की पहिली कव्हरवाल्याकडं जाते. तो बिचारा रेक्झिनचं जाड कव्हर सीटच्या बुडापर्यंत ओढून शिवून देतो आणि जाळी त्याखाली गडप होते. त्याला ती जाळी कशाची हे माहीतच नसतं, आणि त्याला सांगायची तसदी कुणी घेतलेली नसते. वर लग्नसराईत मागच्या सीटपाशी बॅगा, गाद्या, आहेराची पोती. मी तर आता हायब्रिड आली की बॉनेट उघडायच्या आधी मागचा दरवाजा उघडतो.

मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी आली होती, तिचं सविस्तर लिहितो. गाडीचं ॲव्हरेज हिवाळ्यापासून पडत चाललं होतं. इंजिन सारखं चालू राहायचं, चढाला दम कमी. मार्चमध्ये दिवा आला. त्यांनी गाडी एका सेवा केंद्रात नेली. तिथं नाव-गाव सांगायच्या आत उत्तर मिळालं, “हायब्रिड बॅटरी बदलावी लागेल.” आकडा लाखाच्या पुढचा. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोषाचा क्रमांक, कोणता आला, किती तापमानाला आला, याचा एक कागद हातात नाही. जॉब कार्डवर फक्त ‘बॅटरी चेक केली’. शेठ माझ्याकडं आले ते जवळजवळ गाडी विकायच्या तयारीनं.

स्कॅनर लावला. इथं एक गोष्ट मालकांनी समजून घ्यावी. स्वस्तातला, मोबाइलला जोडायचा कोड रीडर बहुतेक वेळा इंजिनचाच कॉम्प्युटर वाचतो. हायब्रिड बॅटरीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लागतो. आणि कोड आधी पुसायचा नाही. पुसला की दिवा जातो आणि पुरावाही जातो. कोडसोबत त्या क्षणाची नोंद साठवलेली असते. बॅटरीचं तापमान किती होतं, गाडीचा वेग किती, पंख्याला किती वेगाचा हुकूम होता, हे सगळं त्यात असतं. निम्मं निदान तिथंच होतं.

कोड निघाला पी०ए८२. बॅटरीच्या पंख्यानं काम नीट केलं नाही किंवा तो अडकला, असा त्याचा अर्थ. पी०ए८१ आला तर पंख्याच्या सर्किटमध्ये गडबड. ‘बॅटरी पॅक बदला’ असं सांगणारा कोड वेगळा आहे, पी०ए८०. शेवटचा एकच आकडा वेगळा, पण एकाचा खर्च काही शे-हजारांत आणि दुसऱ्याचा लाखांत. कंपन्यांचे स्वतःचे आणखी कोड असतात, ते सोडा. शेठच्या गाडीत पी०ए८० नव्हताच.

स्कॅनरमधूनच पंख्याला पूर्ण वेगाचा हुकूम दिला. मागून घर्र आवाज आला, म्हणजे मोटर जिवंत. पातळ कागदाचा तुकडा जाळीला लावला. तो चिकटायला पाहिजे होता, खाली पडला. आवाज आहे आणि ओढ नाही, म्हणजे वाट बंद आहे. सीटच्या बाजूचं प्लॅस्टिक काढून फिल्टर बाहेर घेतला, तर त्याला फिल्टर म्हणायची सोय उरली नव्हती. जिनिंगमधली रुई बारीक होऊन हवेत असते, कपड्यांना चिकटून गाडीत येते. तिनं त्या जाळीवर जुन्या वाकळेसारखा जाड, करडा थर धरला होता. नखानं टोक धरून ओढलं तर सगळा थर एका तुकड्यात सुटून आला. फिल्टरच्या पलीकडं ब्लोअरचं चाक असतं, त्याला कडेनं बारीक वाकडी पाती असतात. त्या पात्यांच्या पोटात काळ्या मातीची धूळ बसून ती सपाट झाली होती. पाती भरली की चाक नुसतं फिरतं, हवा पुढं सरकत नाही.

साफ केलं, कागद चिकटायला लागला. पुष्कळजण इथं थांबतात. मी थांबलो नाही, कारण पूर्ण वेगाचा हुकूम असताना पंखा मला मंद वाटत होता. कनेक्टरला मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट. झकास. पण मीटर करंट ओढत नाही, त्यामुळं गंजलेली वायरही त्याला चांगलीच दिसते. म्हणून आम्ही जुनी माणसं टेस्ट लॅम्प सोडत नाही. मीटरच्या जागी एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर तो मिणमिणला. मग पंखा चालू ठेवून अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं. ते ०.२ व्होल्टच्या वर जायला नको. इथं एक व्होल्टच्या पुढं होतं. अर्थिंगचा बोल्ट डिकीच्या कार्पेटखाली सापडला, हिरवा-पांढरा पडलेला. डिकीत कधीतरी पाण्याचा कॅन सांडला होता, हे शेठच्या ड्रायव्हरला तेव्हा आठवलं. बोल्ट घासला, टर्मिनल नवं मारलं, ग्रीस लावलं.

एवढ्यावर बॅटरी चांगली आहे असं म्हणणं मात्र घाईचं होतं. म्हणून तिचे ब्लॉक, म्हणजे आतल्या सेलचे गट, एकेक करून स्कॅनरवर पाहिले, गाडी चालवत, जोर देत आणि ब्रेक मारत. एखादा ब्लॉक जोर दिल्यावर बाकीच्यांपेक्षा फार खाली गेला तर तो आजारी समजायचा. इथं सगळे जवळजवळ बरोबरीनं चालले. शेवटी गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चालू करण्याआधी बॅटरीचे सगळे तापमान सेन्सर वाचले. थंड गाडीत ते सगळे साधारण बाहेरच्या हवेइतकंच दाखवायला हवेत. एखादा उणे चाळीस दाखवत असेल तर परभणीत बर्फ पडलेला नसतो, त्या सेन्सरची वायर तुटलेली असते. हे तपासणं जरुरीचं आहे, कारण सेन्सरनं कॉम्प्युटरला ‘थंड आहे’ असं खोटं सांगितलं तर पंखा चांगला असूनही फिरणार नाही, आणि मग आपण पंखे बदलत बसतो.

गाडी पूर्ण उन्हाळा चालली. दिवा आला नाही, ॲव्हरेज पूर्वपदावर आलं.

यात माझी हुशारी सांगायची नाही. सेल्फ न फिरणाऱ्या जीपला आम्ही जे करतो तेच इथं केलं. सप्लाय बघा, अर्थ बघा, मग मोटारीला हात लावा. राग याचा येतो की ज्यांच्याकडं कंपनीचा स्कॅनर, वातानुकूलित ऑफिस आणि टाय बांधलेला सल्लागार आहे, तिथं कागदाचा एक तुकडा जाळीला लावून बघायला कुणाला सवड नव्हती. दुसरी बाजूही लिहितो. पंखा बंद असताना गाडी दोन-दोन उन्हाळे तशीच रेटली तर बॅटरी खरोखर जाते. तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि आज पी०ए८२ असलेल्या गाडीत उद्या पी०ए८० येतो. दिवा आल्यावर टेप चिकटवून झाकणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांना सेवा केंद्राला नावं ठेवायचा हक्क नाही.

माझ्या भाऊबंदांनाही, म्हणजे रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियन मंडळींना, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हायब्रिडमध्ये कोडांची जत्रा दिसली तर आधी साधी बारा व्होल्टची बॅटरी बघा. ती कित्येक गाड्यांत डिकीत असते आणि सेल्फ मारत नसल्यानं ती कमजोर झालेली लक्षात येत नाही. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर भलतेच कोड टाकतात, पंख्याचेसुद्धा. दुसरं, पंख्याला थेट बॅटरी लावून फिरवून बघायची आपली सवय आहे. दोन वायरींच्या साध्या मोटारीला ते चालतं. पण तीन-चार वायरींचा ब्रशलेस ब्लोअर असेल तर त्याच्या पोटात कंट्रोलर असतो आणि वेगाचा हुकूम त्याला वेगळ्या वायरीतून तुटक-तुटक सिग्नलनं येतो. तिथं अंदाजानं बारा व्होल्ट दिले तर चांगला पंखा आपल्याच हातून जळायचा. त्या सिग्नलची सरासरी मीटरवर दिसते, पण खरा आकार ऑसिलोस्कोपवरच कळतो.

वॉशिंग सेंटरवाल्यांचंही एक आहे. फिल्टर जागेवर ठेवून जाळीतून कॉम्प्रेसरची हवा मारली की धूळ बाहेर येत नाही, सरळ बॅटरीवर जाऊन बसते. फिल्टर काढून बाहेर झटकायचा, डक्ट व्हॅक्यूमनं ओढायचा. आणि सीटखाली पाण्याचा पंप मारणाऱ्याच्या हातून पंप काढून घ्यायचा.

आता निव्वळ विजेवरच्या मोटारी. इथं लोकांचा गोंधळ वेगळा आहे. टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० साली आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या मोटारींची बॅटरी कूलंटनं थंड होते. तिच्या पोटात वारा घालणारा पंखा नाही. कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो, त्याला गार करायला एसीच्या गॅसची मदत घेतात, आणि समोर रेडिएटरचा पंखा असतो. चार्जरवर लावल्यावर हा पंखा मोठ्यानं ओरडतो, गाडी बंद असली तरी. ते दुखणं नाही, काम आहे. उलट उन्हाळ्यात फास्ट चार्जरवर गाडी लावली आणि पंख्याचा आवाजच नाही, चार्जिंग मात्र रखडतंय, एसीही थंड करत नाही, असं असेल तर फ्यूज, रिले, पंप आणि एसीचा गॅस या क्रमानं शोध घ्यावा. जालन्याकडून समृद्धीवर चढून एकशेवीसच्या वेगानं सलग जाणाऱ्या गाड्यांच्या समोरच्या जाळ्या किड्यांनी आणि धुळीनं भरलेल्या असतात, त्या वेळच्या वेळी धुतल्या पाहिजेत. कूलंट कमी दिसला म्हणून बोअरचं पाणी कधीही टाकू नका. आपलं जड पाणी साध्या रेडिएटरची काय गत करतं, हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. इथं तर त्या नळ्या बॅटरीच्या पोटातून जातात. कंपनीनं सांगितलेला कूलंटच टाकायचा, आणि तो का कमी झाला ते शोधायचं.

स्कूटरचं थोडक्यात. बहुतेकांत पंखाच नसतो, बॅटरी आपली आपण थंड होते. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

एक इशारा मोठ्या अक्षरात छापावा ही विनंती. फिल्टर साफ करणं, फ्यूज बघणं, पंख्याचा बारा व्होल्टचा कनेक्टर तपासणं ही कामं आम्ही करू शकतो. नारिंगी, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जादा व्होल्टेजच्या वायरीला मात्र शिकल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. हायब्रिडच्या बॅटरीत दोनशेच्या आसपास आणि विजेच्या मोटारीत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका) काढून, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनी सांगते तेवढा वेळ थांबून, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून, मीटरनं शून्य आल्याची खात्री करूनच पुढं जायचं. प्लग काढला तरी पॅकच्या आतलं व्होल्टेज मरत नाही, हे ध्यानात असू द्या. काही गाड्यांत ब्लोअर पॅकला इतका चिकटून बसवलेला असतो की तो काढायला हे सगळं करावंच लागतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. सेवा केंद्रांनी बॅटरी बदलायला सांगताना कोड, त्या वेळची साठवलेली नोंद आणि ब्लॉकचे आकडे जॉब कार्डसोबत छापून द्यावेत. गिऱ्हाइकानंही ते मागून घ्यावेत आणि बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीहून वेगळी व लांब असते का, ते पुस्तिकेत बघावं. आठ वर्षांपर्यंत ती देणाऱ्या कंपन्या आहेत. कुणी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं आणि त्यात मोटारींचं क्षेत्र घेतलं. त्या हक्काचा पुढचा भाग असा की दुरुस्तीची माहिती आमच्यासारख्या बाहेरच्या दुकानालाही वाजवी दरात मिळाली पाहिजे. वायरिंग डायग्राम नसल्यामुळं मला अर्थिंगचा तो एक बोल्ट शोधायला डिकीचं निम्मं कार्पेट उचलावं लागलं.

दुसरी मागणी शासनाकडं. छत्रपती संभाजीनगरला ऑरिक या औद्योगिक नगरीत जेएसडब्ल्यू आणि एथर या कंपन्यांनी विजेच्या वाहनांचे कारखाने जाहीर केलेत. गाड्या मराठवाड्यात बनतील याचा आनंदच आहे. पण त्या दुरुस्त करणारे हात परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवलाही लागतील. आयटीआयच्या अभ्यासक्रमात ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आलाय, तो पोरांसाठी ठीक आहे. माझ्यासारखा पन्नाशीतला माणूस दुकान बंद करून दोन वर्षं बाकावर कसा बसणार? आयटीआयनं आमच्यासाठी संध्याकाळचे आठ-पंधरा दिवसांचे वर्ग काढावेत. सर्व्हिस प्लग कसा काढायचा, इन्सुलेशन कसं तपासायचं, स्कॅनरवरचा डेटा कसा वाचायचा, एवढंच शिकवावं, आणि शेवटी परीक्षा घेऊन दाखला द्यावा. फी आम्ही भरू, हातमोजे आमचे आम्ही आणू. सरावाला एक भंगारातली हायब्रिड तेवढी वर्कशॉपमध्ये उभी करावी.

कळावे,
आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
वसमत रोड, परभणी